हिब्रूत "बाथरूम कुठंय?" विचारताना तुमची काय फजिती झाली?

द्राक्षवाला_नाशिक
काल कपाट आवरताना पासपोर्टच्या पाऊचमध्ये ती निळी चिठ्ठी सापडली, इस्रायलला उतरल्यावर शिक्क्याऐवजी दिली होती ती. मागं माझ्याच अक्षरात "एफो हाशेरुतिम", म्हणजे बाथरूम कुठंय. 2018 ला शेतीचं प्रदर्शन बघायला गेलो होतो, ड्रायव्हरनं लिहून घ्यायला लावलेलं. पण ऐन वेळी चिठ्ठी बॅगेत आणि बॅग बसमध्ये. तेल अवीवच्या मोठ्या बसस्टँडवर एकाला नुसतं "शेरुत, शेरुत" म्हणालो, तो बिचारा हाताला धरून बाहेर घेऊन गेला आणि पिवळ्या गाडीसमोर उभं केलं. "जेरुसलेम? हैफा?" शेरुत म्हणजे तिकडचं वडाप हो! दहा सीटं भरली की सुटते. माझी अवस्था काय होती विचारू नका. तुमचेही किस्से येऊद्यात.

कोथरूडची_सुमी
😂😂 वडाप!! अहो शब्द एकच आहे, शेरुत म्हणजे सेवा, शेवटी "इम" लावलं की अनेकवचन, म्हणजे संडास. एका "इम"साठी हैफाला गेला असतात.

भटक्या७७
आमचं उलटं. प्रश्न घोकून गेलो, उत्तर घोकायचं राहिलं. इतक्या झोकात विचारलं की बाईंना वाटलं ह्याला भाषा येते, त्या सुरूच झाल्या. एवढंच पाठ करा: यमिना उजवीकडे, स्मोला डावीकडे, यशार सरळ. आधी "स्लिखा" म्हणा, माफ करा असं.

रेवती_ठाणे
विचारून पोचलात तरी पुढे दारावरची पाटी!! चित्र नाही, नुसती हिब्रू. पुरुषांचं ग्वारिम, बायकांचं नाशिम, आणि ती ग आणि न ची अक्षरं जुळी बहिणी वाटतात, त्यात शेवट दोन्हीचा सेमच. मी दोनदा चुकले (एकदा आत काका होते, असो). मग मैत्रिणीनं सांगितलं, ज्या पाटीत त्रिशूळ दिसेल ते बायकांचं. तो त्यांचा श. उजवीकडून दुसरं अक्षर बघायचं, उजवीकडून!! कुकर लावलाय, नंतर येते

आप्पा_सांगली
आमच्या सौ. नी क्लास लावला होता जायच्या आधी, मी तिचंच ऐकून पाठ केलं "अनी त्सरिखा शेरुतिम". हॉटेलातली पोरं फिदीफिदी हसायला लागली. बाईनं म्हणायचं त्सरिखा, बाप्यानं त्सारिख. म्हणजे मी 64 वर्षांचा मिशीवाला "मला जायची आहे हो, मी थांबलेय" टाईप बोलत होतो.

भटक्या७७
@आप्पा 🤣🤣 सौ. नी मुद्दाम केलं असणार

मीच_तो
तिकडं मी म्हणजे "कोण". हू म्हणजे तो, ही म्हणजे ती. आपण छातीवर हात ठेवून "मी" म्हणावं तर समोरच्याला वाटतं हाच विचारतोय, कोण?

पक्या_चिपळूण
भाषेचं सोडा, पाण्याचं काय करता ते सांगा. एका घरी जेवायला गेलेलो, बेसिनपाशी दोन कानांचा छान तांब्या. म्हटलं चला, देवानं सोय केली! भरून आत घेऊन गेलो. बाहेर आलो तर यजमानांचा चेहरा पडलेला.

अश्दोदची_मावशी
अरे देवा, पक्या! तो नटला. जेवायच्या आधी हात धुवायचा, आधी उजव्या हातावर दोनतीनदा, मग डाव्यावर. तो आत नसतो न्यायचा रे बाळा. शब्बातला, म्हणजे आमच्या शनिवारच्या पवित्र दिवशी, कुणाकडं गेलास तर टिश्यूपण आधीच फाडून ठेवलेले दिसतील, त्या दिवशी फाडायचं नसतं म्हणून.
आम्ही अलिबागकडचे, बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. माझी आजी इथं इस्रायलला येऊनसुद्धा शेवटपर्यंत "परसाकडे" म्हणायची, आई संडास म्हणते, माझी पोरं शेरुतिम. सगळी एका घरात असताना संडास एकच, सकाळी भांडण मात्र तिन्ही शब्दांत 😄

कोथरूडची_सुमी
मावशी तुमच्याकडे मलिदा करतात ना अजून? माझी शेजारीण अलिबागची, ती सांगायची. रेसिपी द्याल का

अश्दोदची_मावशी
करतो तर. पोहे, नारळ, साखर, वर फळं. माप नाही गं, मेसेज कर सांगते.

आरंबोलकर
आमच्या गोव्यात विचारायची गरज नाय, शॅकच्या बोर्डावर हिब्रूतच लिहिलेलं असतं. मिलिटरी संपवून येतात ती इस्रायली पोरं सीझनभर. मला एवढंच एक वाक्य येतं आणि तेही उत्तराचं: "यशार, यशार" आणि हात समुद्राकडे

रेवती_ठाणे
आले परत. @द्राक्षवाला दादा, पण तुम्ही त्या दिवशी गेलात की नाही शेवटी?? तेच सांगितलं नाहीत

द्राक्षवाला_नाशिक
गेलो ओ ताई. परत आत पळालो तर तिथं पैसे टाकल्याशिवाय सोडत नव्हते, आणि माझ्याकडं 200 शेकेलची कोरी नोट. शेवटी त्या वडापवाल्यानंच खिशातनं नाणं काढून दिलं. त्याच्या गाडीत बसलो नाही तरी.