मदत हवी आहे: फॉरेस्ट प्लॉट डॉक्टरांनाच कळेना, शनिवारी बोलायचंय

खानापूर_रोड
शनिवारी तालुक्याच्या मीटिंगला दहा मिनिटं बोलायचंय. फॉरेस्ट प्लॉट (अभ्यासांचे निकाल एकाखाली एक दाखवणारा आलेख) केलाय, नीट आलाय. पण गेल्या खेपेला असाच लावला तर निम्मे मोबाईलात घुसले, आणि एका सरांनी विचारलं, "ती खाली शंकरपाळी कसली?" दुसरं काय लावता येईल? लवकर सांगा. आज ओपीडीनंतरच वेळ आहे.

जुना_कंपाउंडर
मोठ्या अक्षरात छापा. आमच्या वेळी फ्लेक्सवर गरोदर बाईचं चित्र काढायचे, खाली लोहाच्या गोळ्या. लोक थांबून वाचायचे.

खानापूर_रोड
काका, पेशंटसाठी नाही हो. डॉक्टरांसाठी आहे.

आकडेमोड
औषध कुठलं, अभ्यास किती, बघायचं काय होतं? हे न सांगता "दुसरं काय" कसं सांगणार?

खानापूर_रोड
अहो, दोन अभ्यास, आपल्याच बेळगाव जिल्ह्यातले. २००६ चा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला मिसोप्रोस्टॉलच्या गोळीचा, १६२० बायकांचा. आणि २०२० चा कमी डोसच्या अ‍ॅस्पिरिनचा, तो सहा देशांत झाला, त्यात बेळगावही होतं. रिलेटिव्ह रिस्क (औषध न घेतलेल्यांच्या तुलनेत धोका किती पट) ०.५३ आणि ०.८९.

आकडेमोड
थांबा. पहिला बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचा, दुसरा अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा. दोन्ही एकाच प्लॉटात घातलेत? मग खाली शंकरपाळी, म्हणजे सगळ्यांचा एकत्र सरासरी निकाल, आली कुठून?

खानापूर_रोड
सॉफ्टवेअरनं आपोआप काढली.

आकडेमोड
काढणारच. त्याला काय कळतंय? भुईमूग आणि नाचणी एकाच मापात ओतून सरासरी भाव सांगितल्यासारखं झालं. ती शंकरपाळी आधी काढून टाका. सरांनी बरोबर तिथंच बोट ठेवलं म्हणायचं.

खानापूर_रोड
सरांनी गेल्या खेपेला विचारलं होतं, तो प्लॉट वेगळा. पण पोचलं. दोन वेगळ्या स्लाइड करतो. आता चित्र कसलं काढू?

चिकोडीचा_दादा
ख्रिस केट्स नावाच्या इंग्लंडच्या एका डॉक्टरांची शंभर चेहऱ्यांची पद्धत बघा. हिरवे म्हणजे औषध न घेताही ठीक असते, लाल म्हणजे घेऊनही त्रास झाला, पिवळे म्हणजे औषधामुळं वाचले. मिसोप्रोस्टॉलला हिरवे ८८, लाल ६, पिवळे ६. एका नजरेत काम.

आकडेमोड
एमडी झालेल्यांना रडके-हसरे चेहरे दाखवायचे? जास्तीचा रक्तस्राव बारा टक्क्यांवरून ६.४ झाला. फरक ५.६, शंभरला ५.६ नं भागा, एनएनटी १८. अठरा बायकांना गोळी दिली की एकीचा जास्तीचा रक्तस्राव टळतो. एक ओळ पुरे.

चिकोडीचा_दादा
एनएनटी ऐकून माना हलवतात, घरी जाऊन विसरतात. पंधरा वर्षं बघायलोय.

मधली_गल्ली
दोघांचंही खरं आहे, पण "४७ टक्क्यांनी कमी" असा बार चार्ट तेवढा लावू नका, नाहीतर औषध कंपनीच्या एमआरची स्लाइड वाटेल. ०.३९ ते ०.७४ हा कॉन्फिडन्स इंटर्व्हलही (खरा आकडा ज्यात असावा तो पल्ला) खाली लिहा. आणि थंडी-ताप विसरू नका. मिसोप्रोस्टॉल घेतलेल्यांना ते जास्त झाले होते. फायद्याचं चित्र आणि त्रास मात्र तोंडी, ही लबाडी.

लेबर_रूम_ताई
तुलना प्लासिबोशी (औषध नसलेल्या गोळीशी) होती, तीही घरी किंवा उपकेंद्रात, एएनएमच्या (गावपातळीवरच्या नर्सच्या) हातून. आमच्याकडं रक्तस्राव टाळायचं ऑक्सिटोसिन इंजेक्शन असतं आणि तेच आधी द्यायचं. हे स्लाइडवर नसेल तर पहिला प्रश्न मीच विचारणार.

खानापूर_रोड
ताई, तुम्ही शनिवारी असणार काय?

लेबर_रूम_ताई
आता सांगत नाही.

शहापूर_पेठ
२००६ च्या अभ्यासाच्या पेपरात बेलगाम आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी. स्लाइडवर काय लिहिणार? आपण तर बेळगावच म्हणणार.

जुना_कंपाउंडर
बेळगावच! आणि स्लाइड मराठीतही पाहिजे.

मधली_गल्ली
झालं सुरू. निम्मे डॉक्टर कानडी बोलणारे, स्लाइड इंग्रजीतच असणार. पेपरात छापलंय तसं ठेवा आणि पुढं चला. सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, तिकडं जावा.

चिकोडीचा_दादा
एक्सेलात दहा बाय दहा चौकोन करायचे. ओळीची उंची आणि कॉलमची रुंदी सारखी करा, नाहीतर चौकोन लांबुळके होतात. डावीकडं प्लासिबोचे १२ भरा, उजवीकडं गोळीचे ६. चेहरे नकोत तर नकोत. आणि लाल-हिरवं टाळा. काहींना ते रंग वेगळे दिसत नाहीत, आणि तालुक्याच्या प्रोजेक्टरवर तर सगळंच विटकरी होतं.

आकडेमोड
६.४ चे ६ केले की फरक ६ होतो आणि एनएनटी १८ ची १७. हजार ठिपके घ्या, १२० आणि ६४.

चिकोडीचा_दादा
हजार ठिपके म्हणजे परातीत सांडलेली नाचणी. शेवटच्या रांगेतून कोण मोजणार? शंभरच ठेवा, खाली खरे टक्के लिहा.

खानापूर_रोड
केलं. दोन चौकोनी जाळ्या, गडद निळा आणि राखाडी. खाली १२.० आणि ६.४ टक्के, इंटर्व्हल, थंडी-ताप, "तुलना प्लासिबोशी". अ‍ॅस्पिरिनची वेगळी, १३.१ आणि ११.६. तिथं दोन्ही जाळ्या जवळजवळ सारख्याच दिसतात, आणि ते बरंच झालं.
आई निवृत्त एएनएम, तिला दाखवलं. तिनं निळे चौकोन बोटानं मोजले आणि म्हणाली, "म्हणजे शंभरात सहा बायकांचा जीव वाचला?"
मी गप्पच. स्लाइडवर कुठंच लिहिलं नव्हतं की निळा चौकोन म्हणजे ५०० मिली किंवा त्याहून जास्त रक्त गेलेली बाई, दगावलेली नव्हे. आता डोक्यावर तेवढंच लिहिलंय, सगळ्यात मोठ्या अक्षरात.

जुना_कंपाउंडर
मोठ्या अक्षरात छापा, हे मी पहिल्यांदाच सांगितलेलं.