बीए समाजशास्त्रानंतर एमएसाठी तीन लाखांचं कर्ज: फिटतं का? (बेळगाव-खानापूर)

खानापूर_रोड:
पुतणी बेळगावात बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय समाजशास्त्र. दहावीपर्यंत मराठी माध्यम, कन्नड जेमतेम. पुढं एमए इथंच राणी चन्नम्मा विद्यापीठात, की कोल्हापूरला शिवाजीत? कोल्हापूरचं राहणं-जेवण धरून दोन वर्षांना तीन लाख कर्ज लागेल. "समाजशास्त्रात काय हाय ओ" म्हणणारे घरात पुष्कळ आहेत, आकडे सांगणारं कुणी नाही.

हप्तेवाला:
दरवर्षी दीड लाख उचलले आणि व्याज १० टक्के धरलं (बँकेगणिक दर वेगळा, हिशोबाला हा सोपा), तर शिक्षणाची दोन वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो. व्याज मात्र चढत असतं, सरळव्याजानं. पहिल्या दीड लाखावर तीन वर्षांचं ४५,०००, दुसऱ्यावर दोन वर्षांचं ३०,०००. हप्ता सुरू होईल त्या दिवशी देणं ३.७५ लाख. सात वर्षांत फेडायचं तर महिना ६,२२५ च्या आसपास. दहा वर्षांत ४,९५५, पण मग एकूण भरणा सहा लाखांच्या घरात जातो.

पहिला पगार १५,००० असेल तर सात वर्षांच्या हप्त्यात त्यातले चाळीस टक्के जातात. सहायक प्राध्यापकाची कायम जागा मिळाली, म्हणजे सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७००, तर तोच हप्ता जाणवणारही नाही. या दोहोंच्या मधे फारसं काही नाही, हीच या विषयाची गोची.

घेणारच असाल तर शिकत असतानाच व्याज भरत जा: पहिल्या वर्षी महिना १,२५०, नंतर २,५००. मुद्दल तीन लाखच राहतं, सात वर्षांचा हप्ता ४,९८० वर येतो. काही बँका यासाठी दरात एक टक्क्यापर्यंत सूटही देतात. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, पण पालक सहकर्जदार हवेत. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून, शाखा घराजवळची. कॉलेज कोल्हापूरचं आणि बँक खानापूरची, हे चालतं. घरचं उत्पन्न साडेचार लाखांखाली असेल तर सवलतीच्या काळातलं (हप्ता नसतो त्या तीन वर्षांचं) व्याज केंद्र भरतं.

दोन_राज्यं:
शेवटचं वाक्य सोडून सगळं बरोबर. ते पूर्ण व्याज अनुदान तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे, साध्या एमएला नाही. बँकेत जाऊन हे कळलं की सगळा हिशोब कोसळतो. केंद्राच्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्नाला ३ टक्के व्याज सवलत आहे, पण विद्यापीठ त्या वर्षीच्या यादीत असावं लागतं, आणि तिथंही प्राधान्य सरकारी संस्था व व्यावसायिक कोर्सना. ते धरून चालू नका.

माझ्या मते आधी नोकरी कुठल्या बाजूला करायची ते ठरवा, विद्यापीठ मग आपोआप ठरतं. प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांत नेट देशभर चालते, सेट ज्या राज्याची त्याच राज्यात. के-सेट (कर्नाटकची सेट) कन्नड किंवा इंग्रजीत, महाराष्ट्राची सेट मराठी किंवा इंग्रजीत, नेट हिंदी किंवा इंग्रजीत. मराठी माध्यमातून एमए करून के-सेटला बसणाऱ्यांचं घोडं इथंच अडतं: 'सामाजिक स्तरीकरण' तोंडपाठ, आणि पेपरात 'स्ट्रॅटिफिकेशन' दिसलं की पेन थांबतं. कोल्हापूरला गेली तरी संज्ञा पहिल्या दिवसापासून दोन्ही भाषांत लिहून ठेवू दे. नेटमध्ये जेआरएफ आलं तर महिना ३७,००० फेलोशिप, म्हणजे कर्जाचा प्रश्नच मिटला. पण तेवढ्या भरवशावर कर्ज काढू नये. एमएला ५५ टक्के (राखीव गटाला ५०) नसतील तर नेटच देता येत नाही.

कर्नाटकात पीयू (अकरावी-बारावी) लेक्चररला एमएला ५५ टक्के आणि वर बीएडही लागतं, म्हणजे आणखी दोन वर्षांचा खर्च. दहावीला कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा नसेल तर केपीएससीत (कर्नाटक लोकसेवा आयोग) १५० गुणांचा कन्नड पेपर असतो, त्यात ५० पाडावे लागतात. महाराष्ट्राकडं बघत असाल तर गाव सीमाभागातल्या, महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांच्या यादीत आहे का पाहा. तिथल्या मराठी भाषकांना १५ वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यावर महाराष्ट्र सरकारच्या नोकरीला अर्ज करता येतो.

भुतरामहट्टी_स्टॉप:
एमए इथंच, घरून करू दे की ओ. मुलींना शक्ती योजनेत कर्नाटकच्या साध्या बसला तिकीट नाही. खानापूर ते विद्यापीठ, बेळगाववरून, रोज फुकट. तीन लाखांतला मोठा भाग राहण्या-जेवणाचाच आहे, फीचा नाही. तो गेला की उरतं ते कर्जाशिवाय भागेल. तोवर कन्नड लिहायलाही शिकेल.

कोल्हापूरच ठरलं तर मायग्रेशन सर्टिफिकेट निकाल लागताच मागा, पात्रतेच्या फॉर्मला ते लागतं. नाडकचेरीचा (कर्नाटकातलं स्थानिक महसूल कार्यालय) उत्पन्नाचा दाखला कन्नडमध्ये येतो, त्याचं भाषांतर करून ठेवा.

आणि एमएसडब्ल्यूचा (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) विचार केला का? समाजशास्त्राच्या बीएवर प्रवेश मिळतो. दवाखाने, संस्था, कारखान्यातला वेल्फेअर ऑफिसर, या जाहिराती बहुतेक एमएसडब्ल्यूच मागतात. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत एमए समाजशास्त्र सांगितलं तर "मग काय करता येतं?" विचारतील. एमएसडब्ल्यूला मनुष्यबळ घेतलेलं असेल तर एचआरला बोलावतील.

एमएच करायचं असेल तर सोबत एक्सेल, एसपीएसएस (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) आणि कोबोवर (सर्वेक्षणाचं ॲप) प्रश्नावली बनवणं शिकू दे. चिकोडी-निपाणी पट्ट्यातल्या सर्वेक्षणाला मराठी-कन्नड दोन्ही बोलणारी आणि डेटा साफ करून देणारी माणसं लागतात. काम कंत्राटी असतं, सलग नसतं.

खानापूर_रोड:
आणि युवानिधीचे (कर्नाटकचा बेकारभत्ता) महिना ३,०००? एमए करत असताना मिळाले तर, बस फुकटच आहे, बाकीचं निघेल.

दोन_राज्यं:
नाही मिळत. पदवीनंतर १८० दिवस बेकार असलेल्यांना, जास्तीत जास्त दोन वर्षं. पुढं शिकणारे त्यात बसत नाहीत. तेवढ्यासाठी एमए लांबवू नका.