मदत हवी आहे: मॅचआधीच्या प्रार्थनेबद्दल शाळेत कोणाशी बोलू?

नमस्कार मंडळी, आम्ही डॅलसजवळ राहतो, मुलगी पब्लिक स्कूलमध्ये नववीत आहे, सॉकर खेळते. तर झालंय असं की दर मॅचच्या आधी कोच सगळ्या मुलींना गोल करून हात धरायला लावतात आणि स्वतः जीझसच्या नावाने प्रार्थना म्हणतात. सक्ती नाही म्हणे, पण पोरगी म्हणते, आई मी एकटीच बाजूला उभी राहिले तर बेंचवरच बसेन सीझनभर. काय सांगू तिला? घरी रोज शुभंकरोति होतं आमच्याकडे, प्रार्थनेचं वावडं अजिबात नाहीये, कोण म्हणायला लावतंय हा प्रश्न आहे.

थोडं वाचलं मी. सरकारी शाळेने प्रार्थना घ्यायची नाही हे सुप्रीम कोर्टाने १९६२ लाच सांगितलंय, आणि २००० ची सँटा फेची केस तर आपल्या टेक्सासचीच, फुटबॉल मॅचआधी विद्यार्थ्याने माइकवरून प्रार्थना म्हणणंही कोर्टाने चालू दिलं नाही. पण २०२२ मध्ये मैदानावर प्रार्थना करणाऱ्या वॉशिंग्टन राज्यातल्या कोच केनेडींच्या बाजूने सुप्रीम कोर्टात ६-३ निकाल लागला, तिथे डोकं चक्रावलं. नवरा म्हणतो ती मॅच संपल्यावरची त्यांची वैयक्तिक प्रार्थना होती, आपलं वेगळं आहे. मलाही तसंच वाटतं.

आता आधी कोचशी बोलू, प्रिन्सिपलना ईमेल टाकू की थेट स्कूल डिस्ट्रिक्टला (शाळांच्या वरच्या ऑफिसला) लिहू? मुलीचं नाव पुढे न येता होईल का? कोणी केलंय का असं काही? भांडण नकोय हो, तिला नुसतं खेळायचंय.