मदत हवी आहे: गावातली जिल्हा परिषदेची शाळा की 11 किलोमीटरवरचं इंग्लिश मीडियम?

कोरडवाहू

नमस्कार मंडळी. अमळनेर तालुक्यातल्या एका लहान गावात राहतो. चार एकर कोरडवाहू, बहुतेक कपाशीच. मुलगा जूनमध्ये पहिलीत जाईल. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत काय ते ठरवायचं आहे, कारण इंग्लिश मीडियमवाल्यांनी जागा तोवरच धरून ठेवली आहे. रोज डोक्यात हेच घोळतंय.

गावातली शाळा मारुतीच्या पाराजवळ, घरून दोन मिनिटं. पट 34, शिक्षक दोन. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या. एक गुरुजी खरोखर मनापासून शिकवणारे. लोकवर्गणी गोळा करून टीव्ही बसवला, गळके पत्रे बदलून घेतले. दुसऱ्या सरांचा निम्मा वेळ मतदार याद्या आणि खिचडीच्या हिशोबात जातो, त्यात त्यांचा दोष नाही. पण तालुक्याला मीटिंग निघाली की चारही वर्ग एका खोलीत आणि एक माणूस फळ्यापुढे. शिवाय चांगल्या गुरुजींची बदली होणार अशी गावात चर्चा आहे.

दुसरीकडे 11 किलोमीटरवरची खाजगी शाळा. पिवळी बस फाट्यावर सकाळी सव्वासातला येते. टाय, बूट, भिंतीवर मोठा स्क्रीन. आमच्या आळीतली सहा पोरं जातात. फी 18,000, बसचे 9,000, पुस्तकं-गणवेश-बूट धरून आणखी 6,000. झाले 33,000. सात हजाराचा भाव धरला तर पावणेपाच क्विंटल कापूस. आमच्याकडे साधारण एका एकरात तेवढाच निघतो, तोही पाऊस धड झाला तर. म्हणजे चारातला एक एकर दरवर्षी शाळेचा.

पैशांचं एक वेळ जमवू, पण गोची भाषेची आहे. घरात सगळे अहिराणी बोलतो. पोराला मराठीच अर्धीमुर्धी येते. शेजारचा मुलगा तिथे पहिल्या आठवड्यात रडत "मॅडम, माले घर जानं शे" म्हणाला, तर बाहेरगावच्या मॅडमना ते कळलंच नाही. आमच्या गुरुजींनी त्याच जागी "का रडी राहिना रे?" विचारून मांडीवर घेतला असता. मी बारावी नापास, बायको दहावी. इंग्रजीतला गृहपाठ आमच्याने होणार नाही.

आप्पा (माझे वडील) म्हणतात, पोरगा शिकला पाहिजे, एक एकर गेला तरी चालेल. मोठी मुलगी गावातल्याच शाळेत तिसरीत आहे, तिचं बरं चाललंय. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी सांगावं. दोन्ही शाळांमध्ये नेमकं काय बघायचं?

पांझराकाठ

दादा, मी भोगलंय म्हणून लिहिते. माझा मुलगा तिसरीपर्यंत खाजगीत होता. डायरीत काय लिहून आलंय ते आम्हाला कळेना, म्हणून दुसरीत महिना 500 ची शिकवणी लावली. म्हणजे शाळेची फी वेगळी आणि शाळेत जे शिकवलं नाही त्याची फी वेगळी! दर दिवाळीनंतर नवीन मॅडम. तुटपुंज्या पगारावर कोण टिकणार, त्यांचंही बरोबर आहे.

मग एक वर्ष कापूस बोंडअळीने खाल्ला, फी थकली. शाळेने दाखला अडवला. तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं, ते तुम्ही लक्षात ठेवा: शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. जिल्हा परिषदेच्या बाईंनी वयाप्रमाणे बसवून घेतला. तिसरीतल्या मुलाला बाराखडीपासून सुरुवात करावी लागली, पण वर्षभरात वाचायला लागला.

गिरणाथडी

सगळे जिल्हा परिषदेचेच गोडवे गाणार, म्हणून उलटं बोलतो. गुरुजींना विचारा, त्यांची स्वतःची मुलं कुठे शिकतात. आमच्या गावचे दोघेही शिक्षक तालुक्याला राहतात आणि पोरं इंग्लिश मीडियमला. मी स्वतः जिल्हा परिषदेतून शिकलो, दहावीला 84 टक्के. अकरावी सायन्सला पहिल्या तासाला फिजिक्सचं पुस्तक उघडलं आणि अंधारी आली. दोन वर्षं शब्दकोश घेऊन बसलो. पोराला तो दिवस नको म्हणून 30,000 भरतो. चूक आहे का?

खडू-डस्टर

मी शिक्षक आहे, जिल्हा परिषदेचाच. वरच्या प्रश्नाचं उत्तर आधी: माझी मुलगी माझ्याच शाळेत होती. सगळ्यांची नसतात, हे खरं आहे आणि ते टोचतं.

कोरडवाहूभाऊ, टाय-बूट आणि स्क्रीन बघू नका. दोन्ही शाळांतली तिसरीची दोन-दोन मुलं ओट्यावर बसवा. दुसरीच्या पुस्तकातला न वाचलेला परिच्छेद द्या, ज्याच्या त्याच्या माध्यमातला. वाचून झाला की "काय झालं गोष्टीत?" हे कुठल्याही भाषेत सांगू द्या, अहिराणीतही. मग हातच्याची वजाबाकी घाला. 20 मिनिटांत कळेल. पाठ केलेली कविता म्हणायला लावू नका, त्यात सगळेच हुशार दिसतात.

इंग्रजी म्हणाल तर आपल्याकडे 2000 सालापासून पहिलीपासूनच आहे. पुढे गणित-विज्ञान इंग्रजीतून, म्हणजे सेमी घेता येतं; तुमच्या जवळच्या हायस्कूलला आहे का ते आत्ताच विचारून ठेवा. गिरणाथडींना जी अंधारी आली, तिच्यावर उतारा तिथे आहे.

शिक्षण हक्क कायद्याखाली खाजगी शाळांत ज्या 25 टक्के मोफत जागा असतात, त्यांची आशा फार धरू नका. दुर्बल गटाला 1 लाखाच्या आतलं उत्पन्न लागतं, नंबर लॉटरीने, आणि प्राधान्य 1 किलोमीटरला, मग 3 किलोमीटरला. तुमची शाळा 11 वर. लागलाच नंबर तरी सवलत आठवीपर्यंत, नववीला पूर्ण फी. आणि नवोदयची सहावीच्या प्रवेशाची परीक्षा मराठीतून देता येते, 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या असतात. गावात शिकल्याने तो दरवाजा बंद होत नाही.

खाजगी शाळेची मान्यता नेमकी कितवीपर्यंत आहे, ते यू-डायस नंबर (शाळेचा सरकारी नोंदणी क्रमांक) मागून बघा. नंबर द्यायला कां-कूं केली तर समजून घ्या.

बोरीपार

मुलगी तिसरीत आहे म्हणता. तिच्या वेळी असा धागा काढला होता का?

कोरडवाहू

बोरीपार, दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण सुचलं नाही. नव्हता काढला. तिच्या वेळी दप्तर घेतलं आणि शाळेत नेऊन बसवली, एवढंच. बायकोला तुमची ओळ वाचून दाखवली तर ती म्हणाली, "हे मी दिवाळीपासून सांगतेय."

काल रविवारी खडू-डस्टर सरांनी सांगितलं तसं केलं. खाजगीतली तिसरीची दोन पोरं, आमची मुलगी आणि तिची मैत्रीण. खाजगीतल्या एकाने इंग्रजी परिच्छेद टकाटक वाचला. गोष्टीत काय झालं विचारलं तर आईकडे बघायला लागला. दुसरा अडखळला, पण वजाबाकी सगळ्यांत आधी त्याचीच झाली. मुलीने वाचलं आणि कोल्हा कसा फसला ते अहिराणीत हातवारे करून सांगितलं. हातच्याला मात्र चुकली. मैत्रिणीला जोडाक्षरं येत नाहीत. तर तसं बघितलं तर कुणीच बाजी मारली नाही.

मुलगा जूनमध्ये गावातच जाईल, असं घरात ठरत आलंय. आप्पा अजून फुगलेले आहेत. त्या 33,000 तले थोडे दोघांच्या पुस्तकांना आणि मुलीच्या गणिताला लावायचे, असं बायकोचं म्हणणं आहे.

आता एकच विचारायचंय. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या बायका लागतात असं कळलं. आमची समिती फक्त सह्यांपुरती आहे. बायको त्यात जायला तयार झालीय. गुरुजींची बदली झालीच तर जागा रिकामी राहू नये म्हणून समितीने ठराव करून पंचायत समितीकडे पाठवला, असं कुणी केलंय का? ठरावात काय लिहिलं होतं आणि किती दिवसांनी शिक्षक आला, तेवढं सांगा.