झोपेची गोळी सुटली, पण आधी वामकुक्षी सोडावी लागली

पर्वतीच्या_पायऱ्या: झोपेसाठी अल्प्राझोलामची पॉइंट टू फाइव्ह (०.२५ मिलिग्रॅम) गोळी चार वर्षं रोज रात्री घेत होतो. बायको गेली तेव्हा 'पंधरा दिवस घ्या' म्हणून सुरू झाली. पंधरा दिवसांनी कुणी विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. यंदा सुटली. माझं मत स्पष्ट आहे: आपल्यातल्या निम्म्या निवृत्तांना गोळीची गरजच नाही. दुपारी १ ते ४ पुण्याची दुकानं बंद, तसे आपणही बंद, आणि रात्री १२ वाजता छताकडे बघत 'झोप येत नाही हो'! जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, तीच झोपेची भूक. वामकुक्षी म्हणजे पंगतीला बसायच्या आधी बटाटेवडे हाणणं.

जायफळ, दूध, तळपायाला तूप, सगळं करून झालं होतं. उपयोगी पडलं ते उलटंच. साडेनऊला आडवा व्हायचो, सहाला उठायचो आणि झोप जेमतेम साडेपाच तास. नव्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मग अंथरुणावर साडेपाचच तास राहा. साडेबाराच्या आधी पाठ टेकायची नाही. पहिले दहा दिवस काय हाल! अकरा वाजता डाळ निवडत बसायचो, निवडलेलीच पुन्हा निवडायचो. बसमध्ये दांड्याला धरून उभ्याने डुलकी. पण तिसऱ्या आठवड्यात पडल्या पडल्या झोप लागली. मग पाव-पाव तास वाढवत नेलं.

सदाशिवपेठी_सून: काका, वामकुक्षीवर घाला? सासरे हे वाचून तीन दिवस जेवणार नाहीत. बाकी पटलं. तुमच्या त्या उपायाला 'स्लीप रिस्ट्रिक्शन' म्हणतात, स्पीलमन या अमेरिकन निद्रातज्ज्ञाने आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मांडला. जुनाट निद्रानाशाला आधी वागणुकीचे उपचार, गोळी नंतर, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेनेही २०१६ मध्ये सांगितलंय.

काउंटरपलीकडून: माझं औषधांचं दुकान आहे, म्हणून राहवत नाही. काका, 'यंदा सुटली' हे दोन शब्दांत उरकू नका. ही गोळी शेड्यूल एच-१ या कडक नियमांच्या यादीतली, चिठ्ठीशिवाय देता येत नाही, रजिस्टरला नोंद करावी लागते. ती उगाच नाही. बरीच वर्षं घेणाऱ्याने एका रात्रीत बंद केली तर झोप आणखी उडते, हात थरथरतात, फिटसुद्धा येऊ शकते. तुमचं वाचून उद्या कुणीतरी पाकीट कचऱ्यात टाकेल.

पर्वतीच्या_पायऱ्या: बरोबर, चुकलं. बाईंनी चार महिने घेतले. अर्धी, मग पाव, मग एकाआड एक. ब्लेडने पाव करताना निम्मी भुकटी व्हायची.

हिंजवडी_रात्रपाळी: पेन्शन घेऊन उपदेश सोपा असतो. माझी शिफ्ट संध्याकाळी ६.३० ते पहाटे ३.३०. घरी येऊन पडतो तोवर पाच. सहाला तुमच्यासारखे लोक टेकडीला निघतात, मग दूधवाला, मग कचऱ्याची घंटागाडी, तिचं गाणं पाठ आहे मला. जून ते गणपती रविवारी ढोल-ताशाचा सराव. रहिवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण माझी रात्र सकाळी सुरू होते, तिला तो नियम नाही. शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं. ते मी रोज उलटं फिरवतोय, डाळ निवडून ते सुलटं होणार नाही. महिन्यातून चारदा झोल्पिडेम ही झोपेची गोळी घेतो, डॉक्टरांना सांगून. लाज वाटत नाही.

सदाशिवपेठी_सून: लाज कशाला? पण सांगा, कामावर कॉफी किती वाजेपर्यंत?

हिंजवडी_रात्रपाळी: शेवटची अडीचला. नाहीतर तिथेच घोरेन.

सदाशिवपेठी_सून: कॅफिन निम्मं व्हायलाच पाचेक तास लागतात. पाचला पडता तेव्हा अडीचच्या कॉफीतलं निम्म्याहून जास्त कॅफिन अंगात. साडेअकराला थांबवून बघा, ढोलवाल्यांना शिव्या नंतर.

हिंजवडी_रात्रपाळी: आठवडाभर बघतो. ढोल मात्र ढोलच आहे.

काउंटरपलीकडून: घोरण्यावरून आठवलं. आमचे शेजारी दोन वर्षं गोळी बदलून बदलून थकले. झोपेत श्वास अडकत होता, स्लीप अ‍ॅप्निया. त्यात झोपेच्या गोळ्या घातकही ठरू शकतात. आता श्वास मोकळा ठेवणारं मशीन लावून झोपतात. वहिनी म्हणतात, घरघर यंत्राची, पण निदान एका सुरात.

पर्वतीच्या_पायऱ्या: हिंजवडीवाल्या, तुमच्यापुरतं माझं मत मागे. वामकुक्षीचं मात्र नाही. सूनबाई, सासऱ्यांना वाचून दाखवाच.

सदाशिवपेठी_सून: दीड वाजलाय काका. ते झोपलेत.