मदत हवी आहे: दुर्खीम आणि मर्टन एका उत्तरात बसत नाहीत

बर्डी_लोकल:
समाजशास्त्राचं उत्तर आहे, दोघंही समाजशास्त्रज्ञ. दुर्खीम म्हणतो गुन्हा सामान्य आहे, समाजाला उपयोगीही. मर्टन म्हणतो ताणातून होतो, म्हणजे बिघाड. मग दोघं प्रकार्यवादी (समाजाचा प्रत्येक भाग समाजासाठी काय काम करतो ते पाहणारे) कसे? मर्टनचा तक्ता (समाजाचं ध्येय आणि मार्ग कोण स्वीकारतो, कोण नाकारतो, त्याचे अधिक-उणे) पाठ आहे, तो नका सांगू. तपासलेल्या उत्तरावर 'सांगड नाही' एवढाच शेरा आहे. उद्या पुन्हा लिहून द्यायचंय.

झिरोमाइल:
परीक्षा कोणती? किती गुण? प्रश्न जसाच्या तसा टाका.

संत्री_मोसंबी:
भाऊ, नागपुरात राहून उदाहरण शोधून राहिले का? तान्ह्या पोळ्याला काळी-पिवळी मारबत, म्हणजे वाईटाचे मोठे पुतळे, मिरवणुकीने निघते, सोबत बडगे, तेही पुतळेच. भ्रष्टाचार, महागाई, लोकांना जे खुपतं त्याचा बडग्या. 'घेऊन जा गे मारबत' म्हणत सगळं नेऊन जाळतात. काय वाईट, हे समाज एकत्र येऊन जाहीर सांगतो. हाच दुर्खीम!

वर्धा_रोड:
अर्धाच. 'श्रमविभाजन' (१८९३) मध्ये मुद्दा शिक्षेचा आहे. गुन्ह्याने सामूहिक जाणीव दुखावते, शिक्षा देताना लोक तीच जाणीव पुन्हा पक्की करतात. बडग्यात कोणी गुन्हेगार नसतो.

संत्री_मोसंबी:
पुतळा जाळणं ही शिक्षाच ना?

वर्धा_रोड:
प्रतीकात्मक शिक्षा. तसंच लिहा, एका ओळीत. उत्तर त्यावर उभं करू नका.

बर्डी_लोकल:
मारबत नकोच आहे मला. युपीएससी वैकल्पिक, पेपर १, २० गुण. 'विचलनाच्या प्रकार्यवादी स्पष्टीकरणाचे चिकित्सक परीक्षण करा.'

अजनी_पॅसेंजर:
वैकल्पिकला मराठी साहित्य घ्या, समाजशास्त्रात गुण मिळत नाहीत.

प्रज्ञा_मेडिकल_चौक:
२० गुण हे आधीच सांगायचं होतं. १० गुणांच्या १५० शब्दांत हे मावलं नसतं.

दोघांचे प्रश्नच वेगळे आहेत, म्हणून विरोध वाटतो. गुन्हा घडल्यावर समाजाचं काय होतं, हे दुर्खीम विचारतो. विचलन, म्हणजे समाजाचे नियम मोडणारं वागणं, येतं कुठून आणि एका थरात जास्त का, हे मर्टन विचारतो. दोघंही कारण माणसाच्या स्वभावात किंवा शरीरात शोधत नाहीत, समाजाच्या रचनेत शोधतात. म्हणून तर १८९५ मध्ये दुर्खीम म्हणू शकतो की संतांच्या समाजातही गुन्हा असेल. तिथे किरकोळ चूकच गुन्हा ठरेल. प्रस्तावना यावरच करा.

गुण जातात ते अॅनॉमीपाशी, म्हणजे समाजाच्या नियमांची पकड सुटते त्या अवस्थेपाशी. 'आत्महत्या' (१८९७) मध्ये माणसाच्या इच्छांना मुळात मर्यादा नाही, ती समाज घालतो. हे बंधन मंदीत सुटतं, तसंच अचानक आलेल्या भरभराटीतही सुटतं. मर्टनच्या १९३८ च्या निबंधात ती इच्छा संस्कृतीच पेरते: पैसा मिळवा, असं सगळ्यांना सांगितलं जातं, पण वैध रस्ते सगळ्यांना सारखे खुले नसतात. भरभराटीतली अॅनॉमी या मांडणीत नीट बसत नाही. ही दोन-तीन वाक्यं आली की सांगड झाली.

पुढे उणिवेवरून उणिवेकडे जा. मर्टनने चोरी, लाच समजते. ज्यात पैसाच नाही ती मोडतोड समजत नाही. कोहेन (१९५५) म्हणतो, शाळेच्या मापात न बसणारी मुलं दर्जाच्या वैफल्यातून ती मापंच उलटी करतात. क्लोवर्ड-ओहलिन (१९६०) विचारतात, अवैध रस्ते तरी सगळ्यांना कुठे खुले आहेत? वस्तीत मुरलेली गुन्हेगारी असेल तर मुलाला 'धंदा' शिकवणारे भेटतात, नसेल तर टोळ्यांची मारामारी, आणि दोन्हीकडे अपयश आलं तर नशा. अॅग्न्यू (१९९२) ताण पैशापलीकडे नेतो: आवडीचं माणूस दुरावणं, छळ होणं, त्यातून येणारा राग.

वर्धा_रोड:
हिर्शी (१९६९) राहिला. लोक गुन्हा का करत नाहीत, हा त्याचा प्रश्न जास्त चांगला आहे.

प्रज्ञा_मेडिकल_चौक:
चांगला आहे, पण तो नियंत्रण सिद्धांत (समाजाशी असलेले बंध माणसाला आवरतात), मर्टनच्या ताण सिद्धांताचा प्रतिस्पर्धी. टीकेत एक ओळ द्या.

झिरोमाइल:
टीका आहे कुठे पण? 'चिकित्सक' म्हटलंय, निदान एक तृतीयांश जागा तिला हवी. गुन्हे खालच्या थरात जास्त, हे मर्टन सरकारी आकड्यांवरून धरून चालतो. सदरलँडने १९४९ च्या पुस्तकात बड्या कंपन्यांचे गुन्हे पुढे आणले. भारतातलं उदाहरण १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. काही न करता, जन्मानेच माणूस पोलिसांच्या नोंदीत. १९५२ मध्ये कायदा गेला, पण पारध्यांना संशयित म्हणून उचलणं थांबलं नाही. नोंदच अशी होत असेल तर त्या आकड्यांवरून 'खालच्या थरात ताण जास्त' म्हणणं चूक आहे. दुर्खीमलाही विचारा: शिक्षेने एकी वाढते, पण कोणाची? ज्याला उचललं त्याच्या वस्तीची तर नाही.

कन्हान_काठ:
शेतकरी आत्महत्या दुर्खीमच्या कोणत्या प्रकारात येतात?

झिरोमाइल:
वेगळा धागा काढा, त्यावर बरंच बोलता येईल.

बर्डी_लोकल:
सांगड कळली. पारध्यांचं उदाहरण घेतो. तक्त्यातलंच एक विचारतो: विद्रोहाला ± का? तोही ध्येय आणि मार्ग दोन्ही नाकारतोच ना, मग उणे-उणे का नाही?

प्रज्ञा_मेडिकल_चौक:
उणे-उणे म्हणजे पलायन: दोन्ही सोडलं आणि बाजूला झाला, व्यसनी किंवा भटका. विद्रोही जुनं ध्येय आणि जुना मार्ग नाकारून त्या जागी नवं ध्येय, नवा मार्ग मांडतो. उणे जुन्याला, अधिक नव्याला. तक्त्याखाली हे एक वाक्य लिहा.