'हडल'ला घोळका म्हणून भागत नाही

माझी भाची ऐरोलीला एका कंपनीत आहे. तिथे रोज सकाळी दहा मिनिटं सगळे उभ्या उभ्या जमतात, त्याला 'हडल' म्हणतात. परवा तिने विचारलं, "मावशी, हडलला मराठीत काय म्हणायचं गं?" मी 'घोळका' म्हणून मोकळी झाले, पण ते दिवसभर खुपत राहिलं.

घोळका विस्कळीत असतो. कॉलेजच्या फाटकाशी मुलं उभी असतात, दोघं इकडे बघतायत, चौघं तिकडे, तो घोळका. हडलमध्ये तोंडं आत आणि पाठी बाहेर. 2003च्या विश्वचषकात आपला संघ एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून गोल करायचा, ते आठवा. याला मराठीत कोंडाळं म्हणतात. 'कोंडाळं करून बसलेत' म्हटलं की तो गोल दिसतो आणि बाहेरच्याला आत शिरायला जागा नाही हेही कळतं. गराडा त्याहून वेगळा. तो कुणाला तरी मध्ये धरून पडतो.

अमेरिकन फुटबॉलमधलं हडल गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयाच्या संघाने 1890च्या दशकात सुरू केलं असं सांगतात. खुणांची भाषा समोरच्या संघाला दिसू नये म्हणून ते गोल करून उभे राहत. या लपवण्याला आपला शब्द आहे खलबत. रायगडावर खलबतखानाच आहे. पण रोजच्या दहा मिनिटांना खलबत म्हटलं, तर कुणाविरुद्ध काहीतरी शिजतंय असं वाटेल.

थंडीवाऱ्यातलं हडल मात्र कोंडाळ्यात बसत नाही. अंटार्क्टिकातले एम्परर पेंग्विनचे नर पायांवर अंडं सांभाळत दोन महिने एकमेकांना चिकटून काढतात. तिथे गोल महत्त्वाचा नाही, ऊब महत्त्वाची. अशा वेळी मराठी नाम शोधत बसत नाही, सरळ क्रियापद घेते: बिलगून, खेटून, अंग चोरून. गेल्या जुलैत तलावपाळीला एका शेंगदाणेवाल्याच्या गाडीखाली पाच पिल्लं पाहिली. पाऊस धो धो. कुठला पाय कुणाचा ते कळत नव्हतं, एकाचं नाक दुसऱ्याच्या पोटात. 'एकमेकांना बिलगून पडली होती' म्हटलं की सगळं आलं. एकटंच कुणी पांघरुणात गोळा झालं असेल तर मुटकुळं करून. इंग्रजी तिथेही हडलच वापरते, आपण नाही, आणि मला हा बारकावा फार आवडतो.

भाचीला कोंडाळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. कोल्हापूरचा एक सहकारी म्हणाला होता, "आमच्याकडे कोंडाळा म्हणजे कचऱ्याचा." बरोबर आहे त्याचं. पण तो कोंडाळा आणि हे कोंडाळं. माझं मत अजूनही तेच आहे: "या, दोन मिनिटं कोंडाळं करू." कोकणात किंवा विदर्भात याला आणखी जवळचा शब्द असेल तर जरूर सांगा, वाक्यासकट.